रोनाल्डो आला नाही, मास्तर!

फुटबॉलविषयी काहीही विचारा, असं संपादकांनी मागच्या अंकात छापलं आणि मी फसलो. एकतीस वर्षं शाळेत पी.टी. शिकवली, त्यातली सतरा वर्षं संध्याकाळी शिट्टी घेऊन कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पळालो. एवढे प्रश्न मला ना पोरांनी विचारले, ना पेनल्टी दिल्यावर अंगावर धावून आलेल्यांनी. सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही. जी पत्रं दोनदा वाचावीशी वाटली तेवढीच घेतली आहेत.

२२ ऑक्टोबर २०२५ ला गोव्यात फातोर्ड्याच्या मैदानावर एफसी गोवा आणि सौदीच्या अल नासरचा सामना होता. आम्ही तिघा भावांनी तिकिटं काढली. आईला सांगून गेलो की रोनाल्डो बघून येतो. तो भारतात आलाच नाही. आमचे पैसे बुडाले असं समजायचं का, मास्तर?
— एक वाचक, सावंतवाडी

तुमचं पत्र दीड पान आहे. त्यात रोनाल्डोचं नाव अकरा वेळा आलंय, मी मोजलं. ब्रायसन फर्नांडिसचं एकदाही नाही. अल नासर दोन गोलांनी पुढे होतं आणि मध्यंतराच्या आत गोव्याच्या त्या पोरानं एक गोल परत फेडला. सामना २-१ असा हरलो, पण तो गोल तुमच्या डोळ्यांदेखत झाला. आईला तो सांगितलात का?

आणखी एक. हा सामना कुणी गोव्याला बक्षीस म्हणून दिला नव्हता. एफसी गोव्यानं त्या वर्षी सुपर कप जिंकला, मग ऑगस्टमध्ये ओमानच्या अल सीबला त्याच फातोर्ड्यावर २-१ असं हरवलं, तेव्हा कुठे आशियाई क्लबांच्या स्पर्धेच्या गटात पाय ठेवला. अल नासर त्या गटात निघालं ती चिठ्ठीची करामत. म्हणजे रोनाल्डोच्या संघाला फातोर्ड्यावर यावं लागलं, आपण त्यांच्या दारात गेलो नव्हतो. पैसे वसूल आहेत. पण भावाभावांत तिकिटाचे हिशोब राहिले असतील तर त्यात मला ओढू नका.

आमचा कचेरीतला सात जणांचा गट आहे, सगळे भारताचे सामने न चुकता बघणारे. २०२७ च्या आशियाई करंडकाच्या पात्रतेत बांगलादेश, हाँगकाँग, सिंगापूर असा गट मिळाला तेव्हा आम्ही पेढे वाटायचे बाकी ठेवले होते. नेमकं हुकलं कुठे?
— एक वाचक, हिंजवडी, पुणे

पेढ्यांच्या ऑर्डरीतच हुकलं.

चार संघांचा गट आणि वर जाणार फक्त पहिला. अशा गटात ‘सोपा’ हा शब्द नसतो. २५ मार्च २०२५ ला शिलाँगला बांगलादेशशी ०-०. जूनमध्ये हाँगकाँगला शेवटच्या मिनिटांत गोलरक्षकाच्या चुकीनं पेनल्टी आणि ०-१. ऑक्टोबरात सिंगापूरला जाऊन १-१. तिथे आपल्या बचावातल्या संदेश झिंगनला लाल कार्ड मिळालेलं असतानाही रहीम अलीनं नव्वदाव्या मिनिटाला गोल केला, म्हणून तो एक गुण. आणि मग १४ ऑक्टोबर, फातोर्डा.

त्या सामन्याला मी गेलो होतो. भाच्यानं गाडी काढली, सोबत त्याचे चार दोस्त. पहाटे निघालो, आजऱ्यावरून आंबोली उतरलो. घाटात धुकं एवढं की पुढच्या ट्रकचा लाल दिवाच तेवढा दिसायचा. पोरांनी एक हलगी घेतली होती. स्टेडियमच्या फाटकावर पहारेकऱ्यानं ती आत नेऊ दिली नाही. कोल्हापूरच्या माणसाला हलगीशिवाय सामना म्हणजे मिठाशिवाय पिठलं, पण वाद घालून उपयोग नव्हता. बाहेर एक चोरीस-पावाचा (गोव्याचं सॉसेज आणि पाव) गाडा होता, त्याच्याकडे हलगी ठेवून आत गेलो.

चौदाव्या मिनिटाला आपल्या छांगटेनं लांबून असा फटका मारला की माझ्या शेजारचा गोंयकार, ज्याच्याशी तोवर एक शब्द बोललो नव्हतो, माझ्या गळ्यातच पडला. पुढचा अर्धा तास आम्ही मनातल्या मनात सौदीला पोचलो होतो (स्पर्धा तिथे आहे). मध्यंतराला मिनिटभर असताना सिंगापूरच्या साँग उई-यंगनं बरोबरी केली. पंच म्हणून मला सवय आहे, चेंडू जिथे असतो तिथे मी बघत नाही, मोकळा माणूस कोण आहे ते बघतो. तो मोकळा होता. दोन्ही वेळेला. दुसरा गोल अठ्ठावन्नाव्या मिनिटाला झाला आणि त्यानंतर आपण बत्तीस मिनिटं नुसते उंच चेंडू टाकत राहिलो. खेळाडू दमले होते असं म्हणता येणार नाही, त्यांना पुढे काय करायचं तेच सुचत नव्हतं. झिंगन निलंबित होता हे खरं, पण एका माणसावाचून अख्खी भिंत कोसळत असेल तर भिंतच कच्ची.

बाहेर आलो तर गाडेवाल्यानं हलगी पुढे केली आणि कोकणीत विचारलं, आज वाजलीच नाही काय? भाच्यानं मान हलवली. परतीच्या वाटेवर गाडीत कुणी बोललं नाही.

सिंगापूर मात्र पुढे हाँगकाँगलाही त्यांच्या घरात हरवून पात्र ठरलं. यापूर्वी ते यजमान म्हणून खेळले होते, पात्रता जिंकून पहिल्यांदाच गेले. त्यांच्याकडे आपल्याएवढी माणसंही नाहीत आणि आपल्याएवढी कारणंही नाहीत. नोव्हेंबरात ढाक्याला आपण बांगलादेशकडूनही ०-१ हरलो. तोवर पाच सामने, दोन गुण.

प्रशिक्षक खालिद जमीलवर तुमच्या गटातल्या एकानं बराच राग काढलाय. ते ऑगस्टमध्ये आले, तोवर मार्च आणि जूनचं नुकसान होऊन गेलं होतं. आल्या आल्या मध्य आशियातल्या स्पर्धेत ओमानला पेनल्टीवर हरवून तिसरा क्रमांक आणला. फातोर्ड्याचा सामना मात्र त्यांच्याच खात्यावर लिहावा लागेल.

११ जून २०२४, दोहा. विश्वचषकाच्या पात्रता फेरीत कतारचा पहिला गोल झाला त्याआधी चेंडू बाहेर गेला होता. सगळ्या जगानं बघितलं. पंचांनी बघितलं नाही. तुम्ही पंच होता, तुम्ही काय केलं असतं? आणि तो निर्णय नंतर फिरवता येत नाही का?
— एक वाचक, नाशिक

चेंडू बाहेर गेला हे ठरवायला त्याचा सगळा घेर सगळ्या रेषेपलीकडे जावा लागतो, जमिनीवरून असो की हवेतून. टेबलावर खडूची रेघ ओढून तिच्या किंचित पलीकडे लिंबू ठेवून बघा. टेकलेला ठिपका रेघेच्या बाहेर गेलेला असतो, तरी लिंबाचं पोट वरून बघितलं की रेघेवरच दिसतं. त्यामुळे बाहेर गेल्यासारखे वाटणारे कितीतरी चेंडू खेळातच असतात. पण दोह्यातला तसा नव्हता. आपला गोलरक्षक गुरप्रीतनं अडवलेला चेंडू अंतिम रेषा पुरती ओलांडून गेला होता, कतारच्या खेळाडूनं पायानं तो मागे ओढला आणि यूसुफ अयमननं आत ढकलला. आपली पोरं हात वर करून थांबली. तिथेही एक चूक आहे, आणि ती मी शाळेत पोरांना तीस वर्षं ओरडून सांगितली: शिट्टी होईपर्यंत खेळा.

मी असतो तर? खरं सांगतो, उभा कुठे होतो त्यावर ठरलं असतं. रेषेचा निवाडा रेषेवरूनच होतो, तो सहायकाचा. त्या फेरीत व्हीएआर, म्हणजे व्हिडिओ बघून निर्णय तपासायची सोय, नव्हती. आणि मधल्या वर्तुळातून खेळ पुन्हा सुरू झाला की पंचाला स्वतःचा निर्णय बदलता येत नाही, चूक समजली तरी. मला असा एक दिवस माहीत आहे. निर्णय दिला, खेळ सुरू झाला, आणि चार पावलं पळाल्यावर कळलं की चुकलं. उरलेली चाळीस मिनिटं जी गेली ती सांगण्यासारखी नाहीत. सामना संपल्यावर सोड्याची बाटली खांद्याला लागली. कुठल्या तालमीच्या बाजूनं आली ते मला पक्कं ठाऊक आहे आणि मी ते कधी सांगितलेलं नाही.

कतारचा तो गोल त्र्याहत्तराव्या मिनिटाला झाला तेव्हा छांगटेच्या गोलानं आपण पुढे होतो, आणि त्या घडीला पुढच्या फेरीत होतो. तिकडे कुवेतनं अफगाणिस्तानला हरवलं, त्यामुळे शेवटी बरोबरीनंही भागलं नसतं, जिंकावंच लागलं असतं. अन्याय झाला, मान्य. पण त्याच गटात अफगाणिस्तानशी गुवाहाटीत आपण १-२ हरलो, छेत्रीच्या दीडशेव्या सामन्यात. त्या पराभवाला कुठला चेंडू रेषेबाहेर गेला होता?

आम्ही न्यू जर्सीत राहतो, मूळचे साताऱ्याचे. मुलगा सोळा वर्षांचा आहे, चांगल्या अकादमीत खेळतो. त्याच्याकडे ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळतं ते) आहे. तो भारताकडून खेळू शकेल का?
— एक पालक

कार्डावर नाही. भारताकडून खेळायचं तर भारताचा पासपोर्ट लागतो आणि आपल्याकडे दोन नागरिकत्वं चालत नाहीत. बांगलादेशात चालतात, म्हणून इंग्लंडमधल्या लेस्टर क्लबचा हमझा चौधरी शिलाँगला त्यांच्याकडून उतरला आणि आपला मधला भाग त्यानं बंद करून टाकला.

रस्ता आहे, पण दुसरा पासपोर्ट सोडावा लागतो. अराता इझुमी जपानमध्ये जन्मला, पुणे एफसीकडून बालेवाडीत खेळला, २०१२ मध्ये भारतीय नागरिक झाला आणि पुढच्या वर्षी भारताकडून खेळला. २०२५ च्या नोव्हेंबरात रायन विल्यम्सनं ऑस्ट्रेलियाचं नागरिकत्व सोडलं. त्याचे आईकडचे आजोबा मुंबईकडून संतोष ट्रॉफी, म्हणजे राज्यांच्या संघांची स्पर्धा, खेळलेले. सोळाव्या वर्षी हा निर्णय मुलावर लादू नका. शिकू द्या, खेळू द्या. वर्षातून एकदा साताऱ्याला आणता ना, तेव्हा कोल्हापूरला दोन दिवस पाठवा. आमच्या पोरांबरोबर गवत नसलेल्या मैदानावर खेळला की पहिल्या दिवशी गुडघे सोलून घेईल आणि दुसऱ्या दिवशी परत यायला मागेल.

मास्तर, मी मंगळवार पेठेतला. सत्तरी ओलांडली. आमच्या वेळी तालमीचा संघ म्हणजे पेठेची पोरं. आता बाहेरचे खेळाडू, परदेशातले खेळाडू, हंगामापुरते आणलेले. जर्सीवर आमच्या तालमीचं नाव, आत आमचं कोण? ह्याला परंपरा म्हणायचं का? तुम्ही पंच होता, कुणाची भीड न धरता सांगा.

तुम्ही नाव लिहिलं नाहीत, पण अक्षर ओळखलं. शिवाय तुम्ही पश्चिमेच्या गॅलरीत बसून मला जे म्हणायचात तेही आठवतंय.

बाहेरगावच्या वाचकांसाठी दोन ओळी. कोल्हापुरात फुटबॉल क्लबांचा नाही, तालमींचा आहे. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, जुना बुधवार. जिथे लाल मातीत कुस्ती चालायची, त्याच मंडळांनी फुटबॉलचे संघ काढले. गणपती त्यांचा, शिवजयंती त्यांची, सामनाही त्यांचा. केएसएच्या (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन) लीगला चार वाजता ऑफिसं रिकामी व्हायची, दुकानांची अर्धी शटरं खाली यायची. विश्वचषक आला की अर्ध्या गल्लीत अर्जेंटिना आणि अर्ध्यात ब्राझील. इथला अनिकेत जाधव पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला आणि २०१७ मध्ये सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला. एवढं पुरे.

आता तुमचा प्रश्न. बाहेरच्यांना आणणं नवं आहे हे मला पटत नाही. आपल्या तरुणपणीही शेजारच्या पेठेतला चांगला फॉरवर्ड फोडून आणायचो, आठवतंय ना? त्याला काय दिलं जायचं? बूट, दूध, कुणाच्या तरी ओळखीनं नोकरी. फरक एवढाच की तो रात्री चालत घरी जायचा. आज आणलेला माणूस भाड्याच्या खोलीत राहतो आणि हंगाम संपला की जातो.

मागच्या हंगामात मी एक उद्योग केला. रिकामा माणूस, दुसरं काय. एका सामन्याला वही घेऊन बसलो आणि एका संघाचे अकरा लिहून पुढे त्यांची घरं लिहिली. पेठेतले चार निघाले. चार कमी, असं तुम्ही म्हणाल. मला ते चार सलले नाहीत. मला बाकावरचा एक पोरगा सलला. त्याच्या वडिलांचं किराणा दुकान आहे, मी तिथूनच साखर आणतो. उत्तरार्धात त्याला तीनदा वॉर्मअपला उठवलं. तीनदा त्यानं बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली, अगदी सावकाश, डबल गाठ. रेषेवर पळून आला, बसला. दोन गोलांनी पुढे होतो, पाच मिनिटं बाकी होती, तरी त्याला आत सोडलं नाही. जिंकल्यावर गुलाल उडाला तेव्हा सगळ्यात जास्त तोच नाचला. त्याच्या बुटांना मात्र माती नव्हती.

परदेशी खेळाडूवर माझा राग नाही. त्यातला एक भल्या सकाळी एकटा गांधी मैदानावर धावताना दिसतो, आणि त्याच्याकडे बघून आमच्या गल्लीतली दोन पोरं सहा वाजता उठायला लागली. माझ्या बोलण्यानं एकतीस वर्षांत एकही उठला नव्हता. राग आहे तो त्या पाच मिनिटांवर. करंडकाची रक्कम आणि पेठेची ईर्षा एवढी वाढली की २-० असतानाही घरचं पोर आत सोडायची भीती वाटते. तालमीच्या कारभाऱ्यांना एकच विचारायचं: पुढे असताना शेवटची दहा मिनिटं कुणाची? मी तीन जणांना विचारून झालंय. एक हसला, एकानं चहा मागवला, तिसरा म्हणाला, मास्तर, हरलो तर गल्लीत तोंड दाखवायला जागा राहत नाही. तो खोटं बोलत नव्हता. तोंड बघायला गल्लीत तुम्ही आणि मीच बसलेले असतो.

म्हणून तुमच्याकडेही एक मागणं आहे. ते पोरगं कधी आत आलं आणि त्याच्याकडून चेंडू सुटला, तर गॅलरीतून जे बोलायची तुम्हाला सवय आहे ते बोलू नका. माझं कातडं जाड होतं.

मी महिंद्रा युनायटेडचा चाहता. कूपरेजला लहानपण गेलं. क्लब बंद झाला त्याला आता पंधरा वर्षं उलटली. मुलगा मुंबई सिटीच्या निळ्या जर्सीत अंधेरीला जातो आणि मला चल म्हणतो. मला ती गद्दारी वाटते. काय करू?
— एक वाचक, परळ

जा. मेलेल्या क्लबाशी गद्दारी करता येत नाही.

२००५-०६ ला महिंद्रानं राष्ट्रीय लीग जिंकली, चार वर्षांनी कंपनीनं क्लबच गुंडाळला. गोव्यात साळगावकर आणि स्पोर्टिंग २०१६ मध्ये देशाच्या आय-लीगमधून बाहेर पडले; पाच वेळा देशाचं विजेतेपद जिंकलेला धेंपो परत राष्ट्रीय पातळीवर दिसायला कितीतरी वर्षं गेली. आणि गंमत बघा, धेंपोची सुरुवातही डिचोलीचा एक क्लब ताब्यात घेऊनच झाली होती. तेव्हा डिचोलीतल्या कुणा म्हाताऱ्यानं तुमच्यासारखंच पत्र लिहिलं असेल. मुंबई सिटीची मालकी मँचेस्टर सिटीवाल्यांकडे गेली आणि २०२५ संपता संपता तेही हात काढून निघून गेले. मालकांचं हे असंच असतं.

चाहत्यांना काहीच करता येत नाही असं मात्र नाही. मोहन बागान १८८९ चा क्लब. २०२० मध्ये कोलकात्याच्याच एटीके क्लबाशी झालेल्या विलीनीकरणात त्याच्या नावाआधी एटीके लागलं. बागानच्या लोकांनी तीन वर्षं कटकट केली, फलक धरले, रुसून बसले. संघ जिंकत असताना रुसले, हे विशेष. २०२३ ला फातोर्ड्यावर लीग जिंकली त्याच रात्री मालकांनी ते नाव काढल्याचं जाहीर केलं. जागी दुसरं शेपूट लागलं ते सोडा.

तुमच्या मुलाला एक सांगा. ११ एप्रिल २०२२ ला रियाधमध्ये इराकच्या एअर फोर्स क्लबला हरवून मुंबई सिटी आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये सामना जिंकणारा पहिला भारतीय क्लब ठरला, आणि विजयी गोल डोक्यानं मारला तो राहुल भेकेनं. मुंबईचाच. अंधेरीला जाताना महिंद्राची जुनी टोपी असेल तर घालून जा. कुणी काही बोललं तर सांगा, खालिद जमील ह्याच महिंद्राकडून खेळलाय.

दुरुस्ती

मागच्या अंकात मी लिहिलं होतं की बांगलादेशनं भारताला ढाक्याच्या ह्या नोव्हेंबर २०२५ च्या सामन्याआधी कधीच हरवलं नव्हतं. इचलकरंजीच्या एका वाचकानं पोस्टकार्डावर, तेही लाल शाईत, कळवलं की २००३ मध्ये दक्षिण आशियाई देशांच्या सॅफ स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात बांगलादेशनं आपल्याला गोल्डन गोलवर (जादा वेळेत पहिला गोल करणारा जिंकतो) २-१ हरवलं होतं. ते बरोबर आहेत, मी चूक. निर्णय फिरवता येत नाही हा नियम मैदानावरचा आहे, मासिकाला तो लागू नाही. त्यांनी शेवटी लिहिलंय, ‘पंच असतानाही तुम्ही असेच होता.’ इचलकरंजीला मी दोनच सामने केले. दोन्हीत पेनल्टी दिली होती. आता मला आठवायला हवं, कुणाविरुद्ध.